लोपीसबाईंचा बुधवार

लोपीसबाई हसायला लागल्या की आमच्या शाखेतले टाइपरायटर थांबायचे. हसू पोटातून उसळून यायचं. आधी खांदे हलायचे, मग चष्मा नाकावरून घसरायचा, आणि शेवटी बाई टेबलावर डोकं टेकून एक हात वर करायच्या. पुरे, आता पुढचं सांगू नका, असा त्या हाताचा अर्थ. बाहेरून नवखं माणूस आलं असतं तर त्याला पटलंच नसतं की राज्याच्या मंत्रिमंडळाचे कागद जिथून जातात-येतात ती ही खोली, आणि ते जिवापाड सांभाळणाऱ्या त्या ह्याच बाई.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी चिपळूणहून लग्न होऊन नालासोपाऱ्यात, तुळिंजला आले होते. बिल्डिंग इतकी नवी की जिन्याला कठडे लागायचे होते आणि घरात सगळीकडे चुन्याचा वास. मंत्रालयातली नोकरी लागली तेव्हा सासरचे खूश झाले. पण मला नेमकं कुठं बसवलंय ते ऐकल्यावर कुणालाच काही उमगेना. मंत्रिमंडळ शाखा म्हणजे काय? मंत्री तिथं बसतात का?

मंत्री तिथं बसत नसत. मंत्री बैठकीला बसायचे, आणि त्या बैठकीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं आमच्याकडे असायचं. प्रत्येक विभाग आपापल्या विषयाची टिपणी आमच्याकडे धाडायचा. तिच्यावर वित्त विभागाचे अभिप्राय आहेत का, विधी विभागानं ती पाहिलीय का, मंत्र्यांची सही आहे का, हे आम्ही तपासायचं. काही राहिलं असेल तर टिपणी परत. सगळं जागच्या जागी असेल तर विषय पत्रिकेवर घ्यायचा, प्रती काढायच्या, बंद लखोट्यातून मंत्र्यांकडे पोचवायच्या. बुधवारी बैठक. ती उठली की प्रती परत गोळा करायच्या, झालेला निर्णय नेमक्या शब्दांत उतरवायचा आणि ज्याच्या त्याच्या विभागाला कळवायचा. लोपीसबाई ह्या सगळ्याला एका वाक्यात बसवायच्या. "निर्णय त्यांचा, पूर्णविराम आपला."

मार्था लोपीस आमच्या कक्ष अधिकारी. नंदाखालच्या. मध्यम उंची, ठसठशीत बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि केसांत वाडीतलं एखादं फूल. मी तुळिंजची आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. नालासोपाऱ्याला उतरून मी पूर्वेला जाणार, त्या पश्चिमेला नंदाखालची बस धरणार. पण तोवरचा रस्ता एक. "म्हणजे तू आमच्याच बाजूची," असं म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी आपल्या डब्यातला अर्धा पाव दिला.

त्याच दिवशी त्यांनी मला एक टिपणी वाचायला दिली. मी दोनदा वाचली, मनात पक्की केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्स खुंटीला अडकवताना त्यांनी सहज विचारलं, "काय गं सुनंदा, काल ती टिपणी कशाबद्दल होती?"

मी शाळेत उत्तर देतात तसं घडाघडा सांगून टाकलं.

"नापास," बाई म्हणाल्या.

"का हो? काही चुकलं का?"

"सगळं बरोबर सांगितलंस, म्हणून नापास. कुणी विचारलं तर आपण म्हणायचं, कसली टिपणी? मी विचारलं तरी. तुझ्या नवऱ्यानं विचारलं तरी." आणि माझा चेहरा पाहून त्यांचे खांदे हलायला लागले.

बाईंचा स्वतःचा नवरा ह्या बाबतीत फार दुर्दैवी होता. आंतोनभाऊंची नंदाखालला नारळाची आणि केळीची वाडी. लग्नसराईत ते गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. उंच, काळेसावळे, आवाज खणखणीत, आणि पोटात एक गोष्ट राहायची नाही. कुणाच्या मुलीला मागणी आली, कुणाच्या विहिरीचं पाणी खारं झालं, फादरनी कुणाला काय सुनावलं, सगळं सकाळी आंतोनभाऊंना कळायचं आणि दुपारपर्यंत शेजारच्या आगाशीला पोचायचं. असा माणूस मंत्रिमंडळाच्या बाईशी संसार करत होता. "माझ्या घरात रोज सरकार जेवायला बसतं," ते मला म्हणाले होते, "पण मीठ वाढ याच्यापुढे एक शब्द बोलत नाही."

बाई घरी गप्प असायच्या असं मुळीच नाही. त्या अखंड बोलायच्या. केळी, चर्च, भाच्यांचे अभ्यास, साड्यांचे काठ. फक्त कचेरीतलं काही नाही. पण लोकांना जे हवं असतं ते बोलण्यातून मिळालं नाही तर ते दुसरीकडून काढतात, हे बाईंना एका पापलेटानं शिकवलं.

झालं असं. नालासोपाऱ्याला स्टेशनबाहेर अर्नाळ्याची हिराबाई मासे घेऊन बसायची. टोपलीच्या कडेला छोटा ट्रान्झिस्टर, कानात मोठ्या बुगड्या, आणि गिऱ्हाइकांच्या साऱ्या खानदानाची माहिती तोंडपाठ. एका बुधवारी बाईंनी तिच्याकडून ताजी, मोठी पापलेटं घेतली. त्या दिवशी आंतोनभाऊंचा वाढदिवस होता, याच्यापलीकडे त्यात काही नव्हतं. योगायोग असा की त्याच बैठकीत सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वाढवायचं ठरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते जाहीर झालं.

हिराबाईनं दोन्ही गोष्टी जोडल्या. "बाईंनी पापलेट उचललं ना, तवाच मी वलखलं," ती सगळ्यांना सांगत सुटली. "एरवी बाय घेते का पापलेट? आत कायतरी ग्वाड शिजलेलं हाय, आनि ते तिच्या तोंडावर दिसत व्हतं."

झालं. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, सगळीकडची नोकरदार मंडळी बुधवारी बाईंच्या पिशवीकडे डोळे लावून बसू लागली. पुढं एकदा बाईंनी पाहुणे येणार म्हणून मोठी कोळंबी घेतली, तर गावच्या शाळेतल्या परेरा गुरुजींनी रंगीत टीव्ही सांगून ठेवला. नवी वेतनश्रेणी नक्की, असा त्यांचा हिशेब. वेतनश्रेणी काही आली नाही. गुरुजी बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. "मार्था, तुझ्या कोळंबीनं माझा घात केला."

बाई हसून हसून ओटीवरच बसल्या. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "सुनंदा, हे बरं नाही. मी तोंड बंद ठेवते आणि माझी पिशवी बोलते." पुढच्या बुधवारपासून त्यांनी नेम धरला. बुधवारी बोंबील. भत्ता वाढो, मंत्री राजीनामा देवो, पाहुणे येवोत की घरात उपास असो, बुधवारी बोंबील. पावसाळ्यात ताजे नसतील तेव्हा सुके. हिराबाई त्यांना लांबून पाहिलं की बोंबील बाजूला काढायची आणि तरीही त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायची. आंतोनभाऊ तर बुधवारी जेवायला बसताना कपाळावर क्रूस काढायचे. "सरकारनं काय ठरवलं ते देवाला ठाऊक," म्हणायचे, "माझ्या ताटात काय पडणार ते मला ठाऊक."

आंतोनभाऊंवर आणखी एक अन्याय झाला, आणि त्याची मी साक्षीदार. वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी ते स्वतःच्या हातानं करायचे. उन्हात वाळवून, जपून, मधाच्या रंगाची झाली की सुक्या पानात बांधून. त्यांना ट्रंपेटपेक्षाही सुकेळ्यांचा अभिमान जास्त. बाई एकदा शाखेत वाटायला म्हणून एक मोठं पुडकं घेऊन आल्या. नेमकी त्या दिवशी बैठक लांबली. आतली बिस्किटं संपली, आणि चहा नेणाऱ्या शिपायानं काही न विचारता बाईंच्या टेबलावरचं पुडकं उचलून ताटलीत लावलं आणि आत नेलं. परत आला तेव्हा ताटली रिकामी होती. "मॅडम, भांडणं चालली होती आत," तो म्हणाला, "सुकेळी गेली आणि सगळे गप्प. एक मंत्री तर म्हणाले, असली चीज जन्मात खाल्ली नाही, कुठली आहे विचार."

मी टाळ्याच वाजवल्या. "बाई, आज आंतोनभाऊंना सांगा! ते बँड लावतील."

"सांगू कसं?" बाई गंभीर झाल्या. "हे बैठकीत घडलंय."

"अहो, पण सुकेळी..."

"बैठकीत घडलेलं बैठकीत. आज सुकेळी सांगितली, उद्या भांडण कशावरून होतं ते सांगावंसं वाटेल." एवढं बोलून त्या उठल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. पण घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. आंतोनभाऊंनी विचारलं, पुडकं संपलं का? त्या म्हणाल्या, संपलं, बरी होती म्हणाले. बरी! तो शब्द आंतोनभाऊंना किती दिवस टोचत राहिला.

इथपर्यंत सगळं गमतीचं. बाईंच्या त्या नेमामागं काय ताकद होती ते मला पुढं कळलं, रस्त्याचं प्रकरण आलं तेव्हा.

एका हिवाळ्यात नंदाखालच्या बाजूला मोजणीवाले आले आणि खुणेचे दगड लावून गेले. मोठा रस्ता व्हायचा होता. दगडांच्या दोन रांगा होत्या. एक गावाबाहेरच्या पडीक जमिनीतून, थोडी वळसा घेऊन. दुसरी सरळ वाड्यांच्या मधून. ह्या दुसऱ्या रांगेतला एक दगड आंतोनभाऊंच्या विहिरीला लागून होता. त्यांच्या वडिलांनी लावलेले नारळ, केळीची सगळी लागण, विहीर, घराची मागची पडवी, सगळं त्यात जात होतं. गाव हादरलं. सरकारनं हरकती मागवल्या होत्या. लोकांनी त्या लिहून दिल्या. पण शेवटी काय ठरणार, ते मंत्रिमंडळापुढं जाणार होतं. म्हणजे आमच्या खोलीतून.

टिपणी आली त्या सकाळी मी बाईंच्या समोरच बसले होते. त्यांनी लखोटा फोडला, पहिलं पान अर्धं वाचलं आणि मिटलं. मग तसाच लखोटा उचलून उपसचिव साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"साहेब, ह्या विषयात माझं घर आहे. हा माझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्या."

साहेब जुने, बाईंना ओळखणारे. "लोपीसबाई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्हीच करा."

"विश्वास आहे म्हणूनच सांगायला आले. उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमचा विश्वास त्याला दिसणार नाही. त्याला एवढंच दिसेल की लोपीसच्या वाडीचा कागद लोपीसनं हाताळला."

साहेबांनी मला हाक मारली.

तो विषय माझ्याकडे आला. बाहेर येऊन बाईंनी शिपायाला हाताशी घेतलं, आपलं टेबल उचललं आणि उलट्या दिशेला फिरवलं. आता त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि तोंड भिंतीकडे. "तुझ्या टेबलावरचं मला चुकूनही दिसायला नको," एवढंच म्हणाल्या. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मी काही बोलायला गेले तर त्यांनी मान हलवली. "बोलू नकोस. फक्त बस इथं माझ्याजवळ."

मी टिपणी तपासायला घेतली. अभिप्राय होते, सही होती. रस्ता वाड्यांतून न्यावा, तो सरळ आणि जवळचा पडतो, अशी शिफारस होती. पण गावकऱ्यांच्या हरकती कुठं दिसेनात. हरकती मागवल्या असतील तर त्यांचा सारांश टिपणीसोबत हवा, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. बहुधा घाईत जोडायचा राहिला असावा. एरवी मी डोळे मिटून टिपणी परत केली असती. आता हात थबकला. बाईंसाठी अडवली असं कुणी म्हटलं तर?

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हाच रस्ता दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्यातरी गावातून जात असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"परत पाठवली असती, साहेब."

"मग मला काय विचारता?"

टिपणी परत गेली. बाईंना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून दुसरे विषय निपटत होत्या.

त्याच सुमाराला एका रविवारी मी नंदाखालला गेले. मिस्सा संपली होती आणि चर्चमधून निघालेली माणसं थेट लोपीसांच्या अंगणात जमली होती. परेरा गुरुजी पुढं होते. "मार्था, तू तिथं बसतेस. आम्ही तुझ्याकडून काही करून घ्यायला आलेलो नाही. फक्त सांग, रस्ता कुठून जाणार?"

"मला माहीत नाही, गुरुजी."

"असं कसं होईल? मंत्रिमंडळाचा कागद तुझ्या हातून जातो."

"हा नाही गेला. आणि गेला असता तरी सांगितलं नसतं."

अंगणात कुजबुज झाली. एक म्हातारी बाई आपल्या गावच्या बोलीत काहीतरी तिखट बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात आंतोनभाऊ उठले. इतका हसरा माणूस, पण त्या दिवशी आवाज चढलेला. "माझ्या बापाची झाडं आहेत ती, मार्था. तुझा नेम माशांपुरता ठेव. इथं घर जातंय."

बाई ओटीच्या पायरीवर उभ्या होत्या. हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "आंतोन, मी आतून एक शब्द जरी बाहेर आणला ना, तर तुमच्या हरकतीला काही अर्थ उरणार नाही. म्हणतील, ह्यांची बाई आत बसलीय, तिनं शिकवलं ते हे बोलतायत. मी गप्प आहे म्हणून तुमचं बोलणं खरं ठरेल. जा आणि तोंडानं सांगा त्यांना. मोठ्यानं सांगा. तुला तर ते चांगलं येतं."

कुणीतरी हसलं. आंतोनभाऊ हसले नाहीत. तरातरा वाडीत निघून गेले आणि बराच वेळ केळीची सुकी पानं कापत राहिले. पण शेवटी गावानं शिष्टमंडळ न्यायचं ठरवलं, आणि त्याचा पुढारी म्हणून आंतोनभाऊंनाच निवडलं.

ते शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला मंत्रालयात आलं त्या दिवशी मी आणि बाई जेवणानंतर खाली जात होतो. जिन्याखाली ही सगळी मंडळी उभी. मधोमध आंतोनभाऊ, लग्नातल्या बँडचा काळा कोट घालून. बाईंनी त्यांना पाहिलं. त्यांनी बाईंना पाहिलं. बाई न थांबता पुढं निघाल्या. तेव्हा आंतोनभाऊंनी घसा खाकरला आणि अगदी अदबीनं विचारलं, "नमस्कार मॅडम. आपण कुठल्या गावच्या?"

बाई थबकल्या. "तुमच्याच गावची," म्हणाल्या, आणि वळणापर्यंत गेल्यावर भिंतीला टेकून हसू लागल्या. ते भांडण तिथं मिटलं. दोघांनी घरी ह्याबद्दल काही बोलायची गरजच उरली नाही, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

हरकतींचा सारांश जोडून टिपणी पुन्हा आली, पत्रिकेवर चढली आणि एका बुधवारी बैठकीपुढं गेली. दुपारी निर्णय माझ्या हातात आला. रस्ता पडीक जमिनीतून न्यावा. वाड्यांना हात लावू नये. मी वाचलं आणि माझे कान गरम झाले. समोर बाईंची पाठ. केसांत अबोलीची वेणी. एक हाक मारायची, बस्स. मी हाक मारली नाही. मसुदा लिहिला, साहेबांना दाखवला, कुलपात ठेवला.

संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या सोबत निघालो. बाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. गाडीत मीच अशी अवघडून बसले होते की त्या म्हणाल्या, "सुनंदा, श्वास घे गं. निळी पडशील." मी खिडकीबाहेर बघत मिठागरं मोजल्याचं सोंग केलं.

नालासोपाऱ्याला उतरलो. हिराबाईनं आम्हाला लांबून पाहिलं आणि टोपली सोडून उठून उभीच राहिली.

"बाई, पेढं काढा पेढं! तुमच्या नंदाखालच्या वाड्या ऱ्हायल्या! रस्ता भाईरून जानार!"

बाई जागच्या जागी थांबल्या. "कोण म्हणालं?"

"कोन म्हंजे? रेडूवर आत्ताच सांगितलं. मंत्र्यानंच सांगितलंय पेपरवाल्यांना." तिनं ट्रान्झिस्टरवर थाप मारली. "आता गं बया, कागद तुमी करता आनि मलाच इचारता?"

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीतल्या माशांकडे पाहू लागले. मग त्या हसायला लागल्या. असं हसू मी त्यांचं आधी कधी ऐकलं नव्हतं. हिराबाईच्या पालथ्या पाटीवर बसल्या, एका हातानं माझा हात धरला, दुसऱ्या हातानं हिराबाईचा, आणि हसत राहिल्या. येणारेजाणारे थांबून बघू लागले. हिराबाईनं सवयीनं बोंबील पिशवीत घालायला घेतले, तर बाईंनी तिचा हात अडवला.

"बोंबील नको. पापलेट दे. मोठं दे. आज लपवायला काय उरलंय, रेडिओनंच सांगून टाकलं."

मलाही त्यांनी घरी जाऊ दिलं नाही. कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवरून बिल्डिंगखालच्या दुकानात निरोप ठेवायला लावला आणि मला बसमध्ये घातलं. नंदाखालच्या थांब्यावर सगळा गाव होता आणि बँड होता. बाई पायरीवरून खाली उतरल्या तोच आंतोनभाऊंनी ट्रंपेट तोंडाला लावला. वाजवणं संपल्यावर धापा टाकत पुढं आले. "मार्था, आता तरी सांग. तुला माहीत होतं ना?"

"नाही रे. मला हिराबाईनं सांगितलं."

आंतोनभाऊंनी ट्रंपेट काखेत मारला. "म्हणजे मासेवालीला तुझ्या आधी कळलं?"

"तिच्याकडे ट्रान्झिस्टर आहे. माझ्याकडे कुठाय?"

त्या रात्रीच्या जेवणात मंत्रिमंडळाविषयी एक शब्द निघाला नाही. परेरा गुरुजींनी मात्र पापलेटाचा तुकडा हातात धरून सगळ्यांना बजावलं, की ह्यावरून कुणी काही अंदाज बांधू नये. ती म्हातारी, त्या दिवशी अंगणात तिखट बोललेली, बाईंच्या शेजारी बसली होती आणि त्यांच्या ताटात पुन्हा पुन्हा भाकरी वाढत होती.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. टाइपरायटर जाऊन संगणक आले. मंत्रिमंडळं बदलली. बाईंनी आपलं टेबल मात्र त्या प्रकरणानंतर पुन्हा सरळ केलं ते तसंच राहिलं. दोन हजार सालानंतर त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला आंतोनभाऊ काळा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. जुने साहेब, तोवर निवृत्त झालेले, मुद्दाम आले. बोलता बोलता म्हणाले, "लोपीसबाईंच्या घरच्या सुकेळ्यांनी एकदा एक अवघड बैठक सोडवली, हे आता सांगायला हरकत नसावी."

आंतोनभाऊ ताडकन उठले. "कुणी खाल्ली?"

"सगळ्यांनी. मंत्रिमंडळानं."

"मार्था!" सभागृह दणाणलं. "आणि तू मला बरी होती म्हणालीस?"

बाईंनी डोकं टेबलावर टेकलं आणि हात वर केला. त्यांचं निरोपाचं भाषण होऊच शकलं नाही.

पुढं आमच्या गाठी कमी पडत गेल्या. मी तुळिंजच्याच दुसऱ्या बिल्डिंगमध्ये मोठ्या घरात गेले, मुलं मोठी झाली. अधूनमधून फोन व्हायचा. एकदा म्हणाल्या, "सुनंदा, मी स्कूटी शिकतेय. चर्चच्या मैदानावर. भाची शिकवते. आंतोन घाबरून घराबाहेर पडत नाही."

मी थट्टा समजले.

मग एका सकाळी काही कामानं मी आगाशीला बसनं निघाले होते. दोन्ही बाजूंनी वाड्या, मध्ये चिंचोळा रस्ता, केळीची पानं खिडकीतून आत येणारी. बस एकाएकी हळू झाली. ड्रायव्हर हॉर्न देऊ लागला. मी वाकून पुढं पाहिलं. रस्त्याच्या अगदी मधोमध एक लाल स्कूटी चालली होती. वर लोपीसबाई. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पाठ ताठ, चष्मा चमकतोय. मागं आंतोनभाऊ, दोन्ही हातांनी सीट पकडून, डोळे गच्च मिटून. आणि बाई बोलत होत्या. मान किंचित मागं वळवून अखंड, हात हलवायचा मोह झाला की एक हात सोडून, आणि तसं झालं की आंतोनभाऊ ओरडत होते, आणि ते ओरडले की बाईंचे खांदे हलत होते.

"बाजू द्या हो बाई!" कंडक्टर दारातून ओरडला.

मी हाक मारणार होते. नाही मारली. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. बाईंनी बाजू दिली नाही. भरलेली बस नंदाखालच्या वळणापर्यंत त्यांच्या मागून मुकाट्यानं चालत राहिली.